पुसलं तरी परत लिहितातच? नाही

‘भिंत पुसून काय उपयोग, आठ दिवसांत परत लिहितात’ हे लातूर-नांदेडकडं कायम ऐकू येतं. ते खरं नाही. भिंतीवर जाहिरात किंवा नाव लिहिणाऱ्याला ते लोकांना दिसायला हवं असतं. लगेच पुसलं की मेहनत वाया. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनं १९८४ पासून हेच केलं: स्वच्छ केलेली गाडी कुणी पुन्हा रंगवली, तर पुसल्याशिवाय सोडायची नाही. मे १९८९ मध्ये शेवटची रंगवलेली गाडी हटली. आपल्याकडंही कंपाउंडवर ‘बोअर मारून मिळेल’ आणि मोबाइल नंबर दिसला, की त्याच दिवशी भिंतीच्या रंगाचा हात फिरवा. एक जाहिरात राहिली की शेजारी दुसरी येतेच.

दौलताबाद किल्ल्याच्या दगडाचं मात्र वेगळं. कोरलेलं नाव घासलं तर दगडच झिजतो. तिथं आधीच पहारा हवा. संरक्षित स्मारक विद्रूप केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.