न्यू जर्सीत घरातली हवा तपासण्याचं पत्र आलं तर काय करायचं?

एडिसन किंवा पार्सिपनीसारख्या भागात राहणाऱ्यांना कधी असंही पत्र येऊ शकतं: शेजारच्या जुन्या ड्रायक्लीनरची किंवा कारखान्याची रसायनं भूजलात उतरली आहेत, तुमच्या घरातली हवा तपासायला परवानगी द्या. ‘आमच्या नळाला तर गावाचं पाणी येतं’ म्हणून ते बाजूला टाकू नका. इथे पिण्याच्या पाण्याचा प्रश्नच नाही. परक्लोरोइथिलीन, ट्रायक्लोरोइथिलीन या सफाईसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनांची वाफ मातीतून वर चढते आणि तळघराच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरते. पॉम्प्टन लेक्स गावात ड्यूपाँटच्या स्फोटकांच्या कारखान्यामुळे सुमारे 450 घरं या फेऱ्यात सापडली.

यासाठी अर्ज करावा लागत नाही. अंतर हीच पात्रता. भूजलातलं प्रमाण मर्यादेबाहेर असेल, तर तिथून 100 फुटांच्या आतल्या इमारती तपासायच्या, असा राज्याच्या पर्यावरण खात्याचा दंडक आहे. प्रदूषण निव्वळ पेट्रोलचं असेल तर 30 फूट. खर्च प्रदूषणाची जबाबदारी असलेल्याचा, तुमचा नाही. पत्र आलं नाही, पण शंका आहे? मग ‘ओप्रा’ या माहितीच्या कायद्याखाली त्या जागेची कागदपत्रं या खात्याकडे लेखी मागा. साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कागद दोनच: घरमालकाच्या सहीचं परवानगीपत्र आणि घराची माहिती देणारा सर्वेक्षण फॉर्म. भाडेकरूंनी पत्राची प्रत लगेच मालकाला पाठवावी.

फॉर्म मात्र मन लावून भरा, कारण आपल्या घरांत खरी गडबड इथेच होते. ड्रायक्लीन करून आणलेल्या पैठणीतून परक्लोरोइथिलीन सुटतं, कपाटातल्या डांबरगोळ्या म्हणजे बहुधा नॅफ्थलीन, शिवाय उदबत्ती, धूप, नेलपॉलिश रिमूव्हर. दोष जमिनीचा की कपाटाचा, हे मग कळत नाही. या वस्तू दोन-तीन दिवस आधी घराबाहेर काढा. चाचणीच्या दिवशी देवापुढे फुलं पुरेत.

तळघराच्या फरशीला बारीक भोक पाडून खालची हवा घेतात. घरातली हवा गोळा करायला धातूचा डबा साधारण 24 तास ठेवतात. हिवाळ्यात दारं-खिडक्या बंद आणि हीटिंग चालू असताना वाफ जास्त ओढली जाते, म्हणून तेव्हाची चाचणी अधिक भरवशाची.

प्रमाण जास्त निघालं तर रेडॉन या जमिनीतून येणाऱ्या किरणोत्सारी वायूसाठी बसवतात तसाच, फरशीखालची हवा बाहेर खेचणारा पाइप आणि पंखा बसतो. तो वर्षानुवर्षं चालू ठेवावा लागतो, त्यामुळे देखभाल आणि वीजबिल कोणाकडे, हे सही करण्याआधी लेखी घ्या.