फायलीवरचं ‘ख्रिसमस ट्री’

मुलाखत चांगली झाली, संपादकांनाही माणूस पसंत पडला आणि तरी नेमणुकीचं पत्र आलंच नाही. बीबीसीत असं ज्यांच्या वाट्याला आलं, त्यांना कारण कळायला १९८५ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी १८ ऑगस्टच्या ‘ऑब्झर्व्हर’ने बातमी फोडली: उमेदवारांची नावं गुपचूप एमआय-५ या गुप्तचर खात्याकडे जातात. लंडनच्या ब्रॉडकास्टिंग हाऊसमध्ये १०५ नंबरच्या खोलीत बसून रोनाल्ड स्टोनहॅम नावाचे ब्रिगेडियर हा व्यवहार सांभाळत.

प्रथा तेव्हाच पन्नास वर्षांची होती. १९३३मध्ये बीबीसीचे कर्नल अ‍ॅलन डॉनी एमआय-५चे प्रमुख व्हर्नन केल यांना भेटू लागले आणि १९३५पर्यंत पद्धत पक्की झाली. धास्ती होती कम्युनिस्टांची. पुढे शीतयुद्धात जाळं पसरत गेलं. १९८३मध्येही पाच हजारांहून जास्त पदांसाठी ही पडताळणी व्हायची.

एमआय-५ तीन प्रकारचे शेरे देई. ‘ए’ म्हणजे प्रसारणावर प्रभाव पडेल अशा जागी हा माणूस नकोच. ‘बी’ म्हणजे नको, पण तुम्हाला फारच गरज असेल तर तुमचं तुम्ही बघा. ‘सी’ म्हणजे अडवायलाच हवं असं नाही, फक्त फार नाजूक जागा देऊ नका. शेरा असलेल्याच्या फायलीवर झाडासारखी खूण उमटे, तिलाच ‘ख्रिसमस ट्री’ म्हणत.

आपल्याकडे पोलिसांची चारित्र्य पडताळणी होते, पण ती होते हे अर्जदाराला निदान ठाऊक असतं. बीबीसीत उमेदवाराला पत्ताच नसे, मग खुलासा करणार कुठे? इझाबेल हिल्टन या पत्रकार १९७६मध्ये बीबीसी स्कॉटलंडमध्ये येऊ पाहत होत्या. चिनी भाषा शिकलेल्या, स्कॉटलंड-चीन मैत्रीच्या एका संस्थेचं काम बघणाऱ्या. तेवढंच खटकलं. तिथले प्रमुख अ‍ॅलिस्टर हेदरिंग्टन स्वतः ‘गार्डियन’चे माजी संपादक, त्यांनाही त्या हव्या होत्या, तरी नेमणूक अडली. हिल्टन ‘संडे टाइम्स’मध्ये गेल्या.

आणि गाय बर्जेस? सोव्हिएत रशियाचा हा खराखुरा हेर १९३६पासून बीबीसीत होता. मध्ये सोडून गेला, १९४१मध्ये पुन्हा रुजूही झाला.

बीबीसी वर्षानुवर्षं कानांवर हात ठेवत राहिली. ‘ऑब्झर्व्हर’च्या बातमीनंतर मात्र बहुतेक पदांची पडताळणी बंद करावी लागली.