झाडीपट्टीतील नाट्यसमीक्षक

पूर्व विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात रात्र रात्र चालणाऱ्या नाटकांवर वर्तमानपत्रांतून लिहिणारा लेखक. हा स्वतंत्र व्यवसाय नव्हे. तालुक्याचा वार्ताहर, एखादा शिक्षक किंवा मराठीचा प्राध्यापक हौसेने हे काम करतो. वार्ताहराला बातम्यांबरोबर जाहिरातीही आणाव्या लागतात, आणि जाहिरात देणारा व नाटकाचे उद्घाटन करणारा पुढारी कित्येकदा एकच असतो. परखड परीक्षणाची गाडी तिथेच अडते.

हंगाम दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या दिवसांत सुरू होतो. नाट्यमंडळींचे केंद्र वडसा (देसाईगंज). गावोगावची मंडळे तिथे जाऊन नाटक ठरवतात. मुंबई-पुण्यात परीक्षण वाचून वाचक पुढच्या प्रयोगाचे तिकीट काढतो किंवा टाळतो. झाडीपट्टीत आज या गावात, उद्या त्या गावात असा प्रकार असल्याने परीक्षण छापून येईतो मंडप उतरलेला असतो. त्याचा उपयोग झालाच तर नाटक ठरवायला निघालेल्या दुसऱ्या गावाला. पण त्या गावाचा अधिक भरवसा मंडईला जाऊन आलेल्या पाहुण्यावर असतो. पाहुणा पहाटेपर्यंत जागलेला असतो. समीक्षक जागलेला असेलच असे नाही.

कारण साधे आहे. पडदा उघडण्याआधी सत्कार आणि भाषणे होतात, नाटक रंगात येते मध्यरात्रीनंतर आणि संपते उजाडताना. कडाक्याच्या थंडीत, शाल गुंडाळून बसलेला वार्ताहर उद्घाटनाचा फोटो मोबाइलवरून पाठवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी छापून येते ते उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख अतिथी, मग ‘रसिकांना मंत्रमुग्ध केले’ आणि शेवटी ‘यशस्वितेसाठी परिश्रम घेतले’. ऑर्गनवर कोण होते, खलनायकाला टाळ्या का पडल्या, तिसऱ्या अंकात लावणी कशासाठी घुसवली, यातले काही त्यात नसते. अनेक संहिता पुस्तकरूपाने येत नाहीत, त्यामुळे पुढे अभ्यासकाच्या हाती हीच कात्रणे लागतात.

शहरी समीक्षकाची चूक वेगळी. तो येतो, भडक अभिनय आणि लांबलेली गाणी पाहून नाक मुरडतो. मोकळ्या मैदानात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज आणि हावभाव पोहोचवायचे असतात, हे तो विसरतो. दंडार आणि खडी गंमत ठाऊक असल्याखेरीज या नाटकाचे मोजमाप जमत नाही. झाडीबोलीचे अभ्यासक हरिश्चंद्र बोरकर यांनी त्या लोककलांवर केलेले लेखन म्हणूनच परीक्षण लिहिणाऱ्याने आधी वाचावे असे आहे.

२०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा त्यांच्यावर भरभरून लिहून आले. त्यात गौरव पुष्कळ होता. त्यांच्या एखाद्या भूमिकेची चिकित्सा मात्र क्वचितच.