'द' दुसऱ्या खेपेलाच? छे!

शाळेत घोकलेला इंग्रजीचा नियम: नाम पहिल्यांदा आलं की त्याआधी 'अ' (a), पुन्हा आलं की 'द' (the). गोष्टी सांगताना तो खपून जातो, म्हणून टिकलाय. पण घरात शिरताच कुणी 'क्लोज द डोअर' म्हणतं, तेव्हा दाराचा आधी उल्लेख कुठे झालेला असतो? प्रश्न कितव्यांदा हा नाहीच. ऐकणाऱ्याला नेमकं कोणतं ते कळेल का, हा आहे. 'वी रेंटेड अ फ्लॅट, बट द किचन इज टायनी' यात किचन पहिल्यांदाच आलं, तरी 'द'. फ्लॅट म्हटला की किचन आलंच ना! उलट 'शी इज अ डॉक्टर, अँड अ गुड डॉक्टर' यात दुसऱ्यांदाही 'अ'च. मराठीत 'एक माणूस आलाय' आणि 'तो माणूस आलाय' हा फरक आपण करतोच की, तोही न घोकता.