एसीचा दिवा लुकलुकतोय? आधी मोजा, मग फोन करा

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, "एसीचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला की समजायचं गॅस संपला." खाली पंधरा जणांचे अंगठे. अहो, एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो इंधनासारखा जाळला जात नाही की वापरून संपत नाही, तोच गॅस बंद नळ्यांमधून वर्षानुवर्षं फिरत असतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नुसतं चार्जिंग केलं तर पैसेही त्याच भोकातून गेले म्हणायचे.

हे इतकं कळकळीने लिहितोय कारण मे महिन्यात कोथरूडला ताईकडे नेमकं हेच झालं. हॉट अँड कोल्ड स्प्लिट एसी, भर दुपार, हिरवा दिवा लुकलुकतोय आणि थंडावा शून्य. मेकॅनिकने फोनवरच गॅस सांगून टाकला. शेजारच्या काकू म्हणाल्या की अमावस्येला बसवलात ना, म्हणून. काकूंचा जीव आहे ताईवर, पण मशीनला तिथी कळत नाही, त्याला फक्त व्होल्टेज कळतं आणि जे कळतं ते तो दिव्यातून सांगत असतो. म्हणून मी स्टूल घेऊन समोर बसलो आणि मोजलं. पाच वेळा लुकलुक, मग दोनेक सेकंद गप्प, पुन्हा पाच. दहा मिनिटं बघितलं, दर वेळी पाचच. मॉडेल नंबरवरून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधलं, तर त्यातल्या तक्त्यात पाचसमोर लिहिलेलं, खोलीच्या तापमानाचा सेन्सर. (हा पाच त्याच मॉडेलचा बरं का, दुसऱ्या कंपनीत पाच म्हणजे भलतंच काही असू शकतं.)

आता सेन्सर बिघडलाय हे एसीच्या कंट्रोलरला, म्हणजे आतल्या छोट्या संगणकाला, कळतं कसं? मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर, मँगनीज-निकेलसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा हरभऱ्याएवढासुद्धा नसलेला मणी आणि त्याला दोन वायरी. तांब्याची तार तापली की तिचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, कारण इलेक्ट्रॉन आधीपासूनच मोकळे असतात आणि अणू जास्त थरथरायला लागले की त्यांच्या वाटेत जास्त अडथळे येतात. थर्मिस्टरचं उलटं आहे. त्यात इलेक्ट्रॉन अणूंना धरून बसलेले असतात, उष्णता मिळाली की सुटतात, म्हणून जितकं गरम तितका रोध कमी. असा उलटा स्वभाव मायकेल फॅरडेने १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. आणि फरक केवढा, तर तांब्याचा रोध एका अंशाला साधारण ०.४ टक्के बदलतो, थर्मिस्टरचा ४ टक्क्यांच्या वर. नेहमीचा १० किलोओहमचा (ओहम हे रोधाचं माप) थर्मिस्टर घेतला तर २५ अंशाला १०, शून्य अंशाला साधारण ३३ आणि ५० अंशाला साडेतीनच्या आसपास.

पण कंट्रोलरला ओहम वाचता येत नाहीत, व्होल्ट वाचता येतात. म्हणून ५ व्होल्टच्या खाली एक ठरावीक १० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या खाली थर्मिस्टर, आणि दोघांच्या मधल्या बिंदूवरचं व्होल्टेज वाचायचं. २५ अंशाला दोन्ही सारखे, म्हणून बरोबर अडीच व्होल्ट. आत हे ० ते १०२३ अशा आकड्यात बदलतं असं धरू, तर अडीच व्होल्टला ५१२, शून्य अंशाला ७९० च्या आसपास, ५० अंशाला २७० च्या आसपास. आता बघा, वायर तुटली तर मधल्या बिंदूवर सगळेच्या सगळे ५ व्होल्ट येणार, म्हणजे १०२३. दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर शून्य. पण पुण्यातल्या काय, सियाचीनमधल्या खोलीचा आकडासुद्धा १०२३ येणार नाही, कारण उणे ४० अंशालाही तो हजाराच्या आतच राहतो! म्हणजे १०२३ हे तापमान असूच शकत नाही, हे कंट्रोलरला पक्कं ठाऊक असतं, तो कॉम्प्रेसर थांबवतो आणि पाच वेळा लुकलुकतो.

म्हणून दिवा तुम्हाला खराब पार्ट दाखवत नाही, कंट्रोलरला कुठला आकडा पटला नाही ते दाखवतो. त्या आकड्यामागे सेन्सर असेल, वायर असेल, कनेक्टर असेल, नाहीतर पीसीबी, म्हणजे कंट्रोलरचा सर्किट बोर्ड.

एमसीबी पाडून इनडोअरचा कनेक्टर काढला, रोध मोजायला मल्टिमीटर पिनांवर लावला, तर सर्किट ओपन, म्हणजे जोडणी कुठेतरी तुटलेली. मग मीटरचा प्रोब (टोक) पिन सोडून मागे वायरीच्या तांब्याला टेकवला तर ७.४ किलोओहम. खोलीत ३२ अंश होते, त्या तापमानाला अगदी बरोबर. मणी मुठीत धरून पाहिला पण आकडा फारसा हलेना, कारण खोलीच जवळपास हाताइतकी गरम, मग ताईने बर्फाचं पाणी दिलं, त्यात बुडवल्यावर आकडा भराभर ३० च्या पुढे गेला. म्हणजे सेन्सर ठणठणीत. कनेक्टरची एक पिन हिरवी पडून कुजली होती, वरून पाणी झिरपत होतं.

तेवढ्यात ताई म्हणाली, अरे दिवा तर काल लागला, पण आठ दिवस हा थंडच करत नव्हता. आणि मग सगळं जुळलं. पिन पूर्ण तुटण्याआधी अर्धवट कुजलेली असणार, समजा तिने ५ किलोओहम रोध जास्तीचा घातला, तर ७.४ अधिक ५, म्हणजे १२.४, आणि हा आकडा २० अंशाचा आहे! खोलीत ३२, रिमोटवर २४, कंट्रोलरच्या मते २०, मग तो कॉम्प्रेसर चालू कशाला करेल? दिवाही लुकलुकणार नाही, कारण २० हा अगदी पटण्यासारखा आकडा आहे.

पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीतून तसाच कनेक्टर आणून बसवला. तिथे सेन्सर घेणार असाल तर किती किलोओहमचा ते विचारूनच घ्या. १० च्या जागी ५ चा बसवला तर २५ अंशाच्या खोलीत कंट्रोलरला ४१ वाटणार आणि एसी थांबणारच नाही.

सगळीच लुकलुक बिघाडाची नसते हेही सांगतो. डिसेंबरच्या रात्री हीटिंगवर लावलात आणि बाहेर ८-१० अंश असतील तर आउटडोअरची कॉइल हवेपेक्षा बरीच थंड असते, तिच्यावर दव गोठू शकतं, ते वितळवायला मशीन काही मिनिटं उलटं चालतं, आतला पंखा बंद, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये तेव्हा दिवा लुकलुकतो. थोडं थांबलात की आपोआप चालू होतं.

आणि एक, आउटडोअर स्वतः उघडू नका. इन्व्हर्टर एसीच्या कपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असू शकतो. दिवा लुकलुकताना दिसला की लगेच स्विच बंद-चालू करू नका, कोड पुसला जाऊ शकतो. आधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यात दोन लुकलुकींच्या मधली शांतता नीट आली पाहिजे, आणि मेकॅनिकला तो व्हिडिओ मॉडेल नंबरसकट पाठवा.