जेंटल जायंट: मोठं व्हायचं राहून गेलेला बँड

28 जुलै 2023 रोजी अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा 'युटोपिया' हा अल्बम आला आणि लगोलग अमेरिकेच्या अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. त्यातलं पहिलंच गाणं 'हायना'. ते सुरू होतं तेव्हा रॅपच्या आधी एक वेगळाच, काहीसा नाटकी ब्रिटिश आवाज कानावर पडतो. भाषणाला उभा राहिलेला पुढारी जनतेची समजूत काढतो आहे, असा त्याचा सूर. हा आवाज डेरेक शुलमनचा, गाणं 'प्रोक्लमेशन', साल 1974. बँडचं नाव जेंटल जायंट. 'युटोपिया' ऐकणाऱ्या लाखो पोरांपैकी बहुतेकांनी ते नाव त्याआधी ऐकलेलं नसणार. पण त्यात त्यांचा दोष नाही. बँड चालू होता तेव्हाही ते फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं.

सत्तरच्या दशकातल्या ब्रिटिश प्रोग्रेसिव्ह रॉकची, म्हणजे शास्त्रीय आणि जॅझ संगीताच्या युक्त्या रॉकमध्ये आणणाऱ्या प्रकाराची, गोष्ट निघाली की ठरलेली नावं येतात: येस, जेनेसिस, किंग क्रिमझन, एमर्सन लेक अँड पामर, जेथ्रो टल आणि थोडं अलीकडे-पलीकडे करून पिंक फ्लॉइड. जेंटल जायंट याच काळातला, याच वाटेवरचा. दहा वर्षांत अकरा स्टुडिओ अल्बम केले, युरोप-अमेरिकेचे दौरे केले आणि 1980 मध्ये गाशा गुंडाळला. अमेरिकेच्या यादीत त्यांची सगळ्यात वरची मजल 48व्या क्रमांकापर्यंत.

मुळात हे तीन भावांचं घरचं काम. फिल, डेरेक आणि रे शुलमन. थोरले दोघे ग्लासगोच्या गॉर्बल्स या गरीब वस्तीत जन्मलेले, धाकटा रे पोर्ट्समथचा. वडील आधी सैन्यातल्या बँडमध्ये, मग जॅझ ट्रम्पेटवादक. घरात वाद्यांचा नुसता पसारा, आणि पोरांनी हाताला येईल ते वाजवावं असा रिवाज. रे व्हायोलिन शिकलेला. बँडमध्ये बेस वाजवायला लागला तरी व्हायोलिन सुटलं नाही. फिल रेपेक्षा बारा वर्षांनी मोठा. हे अंतर लक्षात ठेवायला हवं, पुढे त्याचा संबंध येतो.

साठच्या दशकात या भावांचा 'सायमन डुप्री अँड द बिग साऊंड' नावाचा बँड होता. सायमन डुप्री म्हणजे डेरेकच. त्यांचा जीव अमेरिकन सोल संगीतात. पण कंपनीने 1967 मध्ये त्यांच्या गळ्यात 'काइट्स' नावाचं स्वप्नाळू गाणं मारलं. मेलोट्रॉन या टेपवरचे आवाज वाजवणाऱ्या कीबोर्डचे सूर, मध्येच जॅकी चॅन या अभिनेत्रीने चिनी भाषेत म्हटलेल्या ओळी, असा एकूण त्या वर्षीच्या फॅशनला साजेसा मामला. गाणं ब्रिटनमध्ये नवव्या क्रमांकावर गेलं. भावांना ते मनापासून आवडत नव्हतं आणि लोकांना तेच हवं होतं. त्याच सुमारास कीबोर्डवाला आजारी पडला म्हणून स्कॉटलंडच्या दौऱ्यापुरता रेज ड्वाइट नावाचा एक मुलगा भाड्याने घेतला होता. त्याला बँडमध्ये कायमचं यायचं होतं. यांनी नको म्हटलं. तो लवकरच एल्टन जॉन म्हणून ओळखला जाऊ लागला.

1970 मध्ये त्यांनी जुना बँड मोडला तो याच वैतागातून. लोकांना हवं ते वाजवायचं, यशही मिळवायचं आणि त्याच यशाची लाज बाळगायची, हे त्यांना नको होतं. नव्या बँडसाठी त्यांना दोन माणसं मिळाली आणि रसायन बदललं. केरी मिनिअर हा रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमधून संगीतरचनेची पदवी घेतलेला. मध्ययुगीन आणि रेनेसांस काळातलं युरोपीय संगीत त्याच्या डोक्यात मुरलेलं. गॅरी ग्रीन हा ब्लूज वाजवणारा गिटारिस्ट. ड्रमवर आधी जुन्या बँडमधला मार्टिन स्मिथ, मग माल्कम मॉर्टिमोर, आणि मॉर्टिमोरला मोटरसायकलचा अपघात झाल्यावर 1972 पासून शेवटपर्यंत वेल्सचा जॉन वेदर्स. वेदर्सचा ठेका दणकट, सरळ. बाकीचे कितीही गुंतागुंत करोत, पायाखालची जमीन त्याने हलू दिली नाही. माझ्या मते बँड खऱ्या अर्थाने उभा राहिला तो वेदर्स आल्यावर.

पहिले दोन अल्बम टोनी व्हिस्कॉन्टीने निर्माण केले. दुसऱ्याच्या, म्हणजे 1971च्या 'अक्वायरिंग द टेस्ट'च्या वेष्टनावर त्यांनी जाहीरच करून टाकलं की लोकप्रिय संगीताच्या सीमा रुंदावणं हे आमचं ध्येय आहे, मग त्यापायी अगदी अप्रिय व्हायची वेळ आली तरी बेहत्तर. बहुतेक विशीतल्या पोरांचा तोरा म्हणून याकडे बघता येईल. पण त्यांनी तो शब्द पाळला, जरा जास्तच पाळला.

त्यांच्या संगीतात नेमकं काय होतं, ते 'ऑन रिफ्लेक्शन' या एका गाण्यातून कळतं. 1975च्या 'फ्री हँड'मधलं हे गाणं. सुरुवातीला एकही वाद्य नाही. एक आवाज एक ओळ गातो. ती पुढे सरकते तेवढ्यात दुसरा आवाज तीच चाल घेऊन आत शिरतो, मग तिसरा, मग चौथा. कुणीच कुणासाठी थांबत नाही. प्रत्येकाची ओळ स्वतंत्र, पण कोणत्याही क्षणी ऐकलं तरी चौघांचे सूर एकमेकांत बसलेले. बाखच्या काळची फ्यूग ही पद्धत. मग मध्ये मिनिअरच्या मऊ आवाजातला शांत भाग येतो, आणि शेवटी तीच फ्यूग वाद्यांच्या अंगाने पुन्हा उभी राहते. मैफलीत ते हा क्रमही उलटा करायचे: आधी रेकॉर्डर ही युरोपीय बासरी, व्हायोलिन, चेलो आणि व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य यांवर गाणं वाजवायचं, गळे मागाहून. 1974च्या ब्रुसेल्समधल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण जर्मन टीव्हीने केलं होतं. त्यात हे लोक गाणं चालू असताना वाद्यं बदलताना दिसतात. गिटारवाला बासरीसारखं रेकॉर्डर तोंडाला लावतो, बेसवाला व्हायोलिन उचलतो, आणि गाणं मात्र कुठे अडखळत नाही.

आपल्याकडच्या कानाला सात किंवा अकरा मात्रांचं नवल नाही. रूपक तालात रोजचे कार्यक्रम होतात. इथली अडचण निराळी आहे. 'कॉग्ज इन कॉग्ज'सारख्या गाण्यात गायन एका हिशेबाने चालतं आणि वाद्यं दुसऱ्या. आपल्याकडे सगळ्यांची सम एक असते. इथे दोन आवर्तनं शेजारी शेजारी फिरत राहतात आणि ऐकणाऱ्याने कुठलं धरायचं ते त्याने ठरवायचं.

एवढं सगळं करून गाणी मात्र आटोपशीर. ज्या काळात इतर बँड रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापणारी वीस-वीस मिनिटांची प्रकरणं रचत होते, त्या काळात यांचं सगळ्यात लांब गाणं नऊ मिनिटांच्या आसपास. बहुतेक चार ते सात मिनिटांत संपतात. लांबलचक गिटार-सोलो नाहीत. केपवाला जादूगार कीबोर्डिस्ट नाही, की मुखवटे घालणारा गायक नाही. नेमकं हेच त्यांना महागात पडलं असं मला वाटतं. या बँडला चेहरा नव्हता. तिकीट काढून आलेल्या माणसाने टक लावून बघावं असा एक हिरो त्यांनी दिलाच नाही. जे काही होतं ते पाच जणांच्या विणकामात होतं, आणि वीण दिसायला रेकॉर्ड चार-पाच वेळा फिरवावी लागते. तेवढी सवड ज्यांनी काढली ते मात्र कायमचे अडकले.

1972चा 'ऑक्टोपस' हा याचा उत्तम नमुना. त्यातलं 'नॉट्स' हे आर. डी. लेइंग या स्कॉटिश मनोविकारतज्ज्ञाच्या त्याच नावाच्या पुस्तकावर बेतलेलं. माणसामाणसांतल्या नात्यांचा गुंता, आणि तो मांडायला गायकांनी शब्दांचे तुकडे एकमेकांच्या फटींत बसवलेले. त्याच अल्बममध्ये राब्ले या जुन्या फ्रेंच लेखकाच्या कथांमधला पानुर्ज आहे आणि त्यांच्या सामान वाहणाऱ्या मदतनिसांवरचं एक मिश्कील गाणंही आहे.

त्याच वर्षी हे लोक ब्लॅक सॅबथ या दणदणीत हेवी मेटल बँडच्या आधी वाजवायला अमेरिकेत गेले. जोडी जुळवणाऱ्याचं काय चाललं होतं कोण जाणे. हॉलिवूड बोलमध्ये शांत भाग चालू असताना कुणीतरी मंचावर फटाका फेकला. फिलने माईकवरून श्रोत्यांना सणसणीत शिवी हासडली आणि मग जी हुर्यो उडाली ती उडालीच. पस्तिशीतला, बायको-मुलं असलेला, एके काळी शिक्षकी केलेला हा माणूस दौऱ्यांना कंटाळलेला होताच. थोड्याच दिवसांत तो बँड सोडून गेला. उरलेल्या पाच जणांनी 1973 मध्ये 'इन अ ग्लास हाऊस' केला. काच फुटण्याचा आवाज सुरुवातीला येतो, पुन्हा येतो आणि बघता बघता त्याचाच ठेका होतो, त्यातून पहिलं गाणं उगवतं. अमेरिकन कंपनीने हा अल्बम खपणार नाही म्हणून काढलाच नाही; तिकडच्या चाहत्यांनी तो बाहेरून मागवून घेतला.

पुढच्या वर्षीचा 'द पॉवर अँड द ग्लोरी' सत्तेवरचा. अमेरिकेत तेव्हा वॉटरगेट गाजत होतं. 'प्रोक्लमेशन'ने सुरुवात, शेवटी 'व्हॅलेडिक्टरी'. आणि शेवटच्या गाण्यात पहिल्याचीच चाल परत येते, पण आता घोगरी, जड, ओरडून घसा बसल्यासारखी. नंतरचा 'फ्री हँड' त्यांचा सगळ्यात यशस्वी, 48वा क्रमांक त्याचाच.

उतरण मग भराभर झाली. पंक आलं, तीन कॉर्डांत दोन मिनिटांची गाणी करणाऱ्या पोरांनी या सगळ्या मंडळींना म्हातारं ठरवलं. जेंटल जायंटने साधं व्हायचा प्रयत्न केला. 1978च्या 'जायंट फॉर अ डे!'च्या वेष्टनावर चक्क कापून तोंडाला लावायचा मुखवटा होता. नव्या लोकांनी ढुंकून पाहिलं नाही आणि जुने दुखावले. 'काइट्स'च्या वेळी न मागता मिळालेलं यश आता मागूनही मिळेना. जून 1980 मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सीमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला. त्यानंतर आजतागायत सगळी मूळ मंडळी एकत्र येऊन मंचावर उभी राहिलेली नाहीत. पुनर्मीलनाचे दौरे हा धंदाच झालेल्या या क्षेत्रात ही गोष्ट विरळा.

गंमत पुढेच आहे. डेरेक रेकॉर्ड कंपनीत अधिकारी झाला आणि त्याने बॉन जोवी या पुढे गाजलेल्या रॉक बँडला करारबद्ध केलं. पुढे ड्रीम थिएटरलाही त्यानेच आणलं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या पुढच्या पिढीचं दारही त्याच्याच हातून उघडलं गेलं. रे निर्माता झाला; आइसलंडच्या शुगरक्यूब्जबरोबर त्याने काम केलं, 1990 मध्ये द संडेजचा पहिला अल्बम केला. मार्च 2023 मध्ये तो गेला. मिनिअर ख्रिस्ती भक्तिसंगीताकडे वळला.

वारसा शोधायचा तर अमेरिकेच्या स्पॉक्स बिअर्ड आणि एकोलिन या बँडांच्या एकमेकांत गुंतलेल्या गायनात तो सरळ ऐकू येतो. इटली आणि क्युबेकमध्ये त्यांचा चाहतावर्ग पहिल्यापासून मोठा. पण जास्त मजेशीर वाट हिप-हॉपची. स्कॉटच्या कितीतरी आधी, 2004 मध्ये मॅडव्हिलन या हिप-हॉप जोडीने यांच्या पहिल्या अल्बममधलं 'फनी वेज' उचललं होतं. लहान, स्वतंत्र, एकमेकांत बसणारे तुकडे रचण्याची यांची सवय सॅम्पल करणाऱ्यांच्या, म्हणजे जुन्या गाण्याचा तुकडा उचलून नव्यात बसवणाऱ्यांच्या, पथ्यावर पडली. वीस मिनिटांच्या प्रकरणातून असा तुकडा सुटा करणं अवघड.

2014 पासून स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने त्यांच्या अल्बमांचं नव्याने मिश्रण करायला घेतलं. पहिल्या तीन अल्बमांच्या सगळ्या मूळ टेप्स सापडल्या नाहीत, त्यामुळे हाती लागली तेवढीच गाणी त्याने एका संग्रहात दिली. नव्याने ऐकणाऱ्याने 'फ्री हँड'पासून सुरुवात करावी, मग 'ऑक्टोपस', मग 'द पॉवर अँड द ग्लोरी'. 'जायंट फॉर अ डे!' मुखवट्यासकट संग्राहकांसाठी सोडून द्यावा.