धागा आटत नाही, कापड आटतं

रविवार पेठेतून १२ औंसाचा सुती कॅनव्हास आणला, आतून पॉलिएस्टरचं अस्तर लावून भाजीची पिशवी शिवली. पहिल्याच धुण्यात बाहेरचं कापड आटलं आणि अस्तर सैल पडून आत लोंबू लागलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फसवलं हो दुकानदाराने!" त्या बिचाऱ्याचा काय दोष? कापड पाण्यातून न काढता मीच कात्री चालवली होती.

१२ औंस हे एका चौरस यार्डाचं वजन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ४०७ ग्रॅम.

कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म दोरखंडांची जुडी. ते बहुतांशी तंतूच्या लांबीलाच, किंचित पीळ घेऊन असतात. पाणी त्यांच्या मधे शिरतं आणि त्यांना बाजूला सारतं. त्यामुळे तंतू जाडीला चांगला फुगतो, लांबीला जेमतेम. आता वीण बघा: उभा धागा एका आडव्या धाग्यावरून जातो, पुढच्याखालून. आडवे धागे फुगले की त्याला वळसा मोठा पडतो, पण त्याची लांबी तेवढीच. मग तो आडव्या धाग्यांना जवळ ओढतो. वाळल्यावर धागे बारीक होतात, तरी घर्षणामुळे वीण पूर्ववत सरकत नाही.

गंमत म्हणजे याच फुगण्याने विणीतली भोकं बुजतात. सुती तंबू पहिल्या पावसात झिरपतो, नंतर पाणी अडवतो. आतून बोट लावलंत तर मात्र तिथेच ठिबकतो. शिवणीतला पॉलिएस्टरचा दोरा मात्र फुगत नाही, म्हणून सुईचं भोक उघडं राहतं. त्यावर तोडगा म्हणजे आत पॉलिएस्टर आणि वरून सूत गुंडाळलेला दोरा.

'मिठाच्या पाण्यात भिजवलं की आटत नाही' हे ऐकून सोडून द्या. फुगवतं ते पाणी, आणि ते तिथेही आहेच.

पिशव्या, एप्रन, खुर्चीची बैठक, हत्यारांची गुंडाळी यांना हा कॅनव्हास उत्तम; ओला सूती धागा कोरड्यापेक्षा मजबूतही असतो. कुडता मात्र नको, कोपर वाकवलं तरी बाही ताठच राहील. आणि जुलैतल्या पुण्यात ओली पिशवी घडी घालून ठेवू नका. सेल्युलोज हे बुरशीचं जेवण आहे.

माझ्या पिशवीचं अस्तर उसवलं. आता मांजरपाटाचं लावलंय, आधी दोनदा धुऊन. बंदाच्या चार पदरी कोपऱ्यावर १६ नंबरची सुई मोडली, १८ची चालली.